अक जोल

कारा-बाल्ता सोडलं तेव्हा पहाटेचे सहा.
हीटर फक्त डाव्या पायावर फुंकर घालत होता.
गाडी माझी नाही, दिराची. जुनी निवा.
डिकीत कोळशाची दोन पोती, चाकांनी पकड सोडू नये म्हणून.
शेजारच्या सीटवर थर्मास, त्याला पट्टा लावलेला.

सोस्नोव्काच्या नाक्यावर एका पोरगेल्या पोलिसानं काच वाजवली.
"ताई, एकट्याच?"
बहिणीकडे चाललेय, म्हटलं. बाळंत झालीय.
पेट्रोलपंपावर म्हटलं, लग्नाला.
बहीण पन्नाशीची. लग्न कुणाचंच नाही.
खरं सांगितलं असतं तर त्यानं कागद सोडून
माझं डोकं तपासलं असतं.

हा घाट मी एकतीस वेळा ओलांडलाय.
मोजलंय. एकतीस, आणि दर वेळी मागच्या सीटवर,
मांडीवर कुणाचं तरी मूल, पायाशी बटाटे,
हातात उलटीची पिशवी तयार,
आणि धुकटलेल्या काचेवर
कुणीतरी बोटानं काढलेला घोडा.
त्या घोड्याच्या पोटातून दिसला तेवढा डोंगर माझा.
बाकीचा पुढच्यांचा.

चढताना कळलं, पुढून डोंगर अंगावर येतो.
वळण संपलं म्हणावं तर आणखी एक, पोटात खड्डा पाडणारं.
बर्फ पांढरा नसतो हेही आजच कळलं.
सावलीत निळा, कड्याखाली राखेच्या रंगाचा,
आणि ऊन पहिल्यांदा टेकलं तिथं
पिकत आलेल्या जर्दाळूसारखा.

बोगद्याच्या तोंडाशी बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर.
ड्रायव्हर खाली उतरून पाव खात होता,
दाढीत पांढरे कण, पावाचे की बर्फाचे कोण जाणे.
त्यानं विचारायच्या आत मीच विचारलं, नाव काय?
"जोल्दोश."
म्हणजे वाटेचा सोबती. दोघंही हसलो.
बावीस हिवाळे झाले म्हणाला,
याच चार किलोमीटरवर, पुढं आणि मागं.
मी त्याला कुरूतच्या चार खारट गोळ्या दिल्या.
"कुणीकडं?"
"बघायला."
"काय?"
"हेच. पुढून."
त्यानं मान वळवून डोंगराकडं पाहिलं,
घरातल्या कपाटाकडं पाहावं तसं.
मग म्हणाला, "अक जोल."

निघणाऱ्याला आमच्यात असंच म्हणतात. रस्ता पांढरा असो.
पांढरा म्हणजे मोकळा, भल्याचा, विघ्नाशिवायचा.
आई म्हणायची, सासूही म्हणायची, दातओठ खात का होईना.
पण इथं, दोन्हीकडं छातीएवढ्या बर्फाच्या भिंती,
त्याचं त्यालाच हसू फुटलं.
"म्हणजे काळा," तो म्हणाला. "डांबर दिसो."

बोगद्यात धूर, छतातून ठिबकणारं पाणी,
समोरून एकच दिवा. मोटारसायकल वाटली, निघाला ट्रक.
जीव मुठीत होता आणि मूठ स्टीअरिंगवर.

आणि मग सूसामिर.

गाडी कडेला घेतली. कड अशी नव्हतीच,
रस्ता कुठं संपतो ते अंदाजानं.
इंजिन बंद केल्यावर आधी माझे कान वाजले,
मग तेही थांबले.
लांबवर सात घोडे खुरांनी बर्फ उकरत होते,
खालच्या वाळल्या गवतासाठी, घाई न करता.
एवढं मोठं काही इथं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
पुढं बसणारे टायरबद्दल बोलायचे,
डिझेलच्या भावाबद्दल, कुणाच्या मेंढ्या कितीला गेल्या.
त्यांनाही दिसलं नसेल काय?
की दिसलं, आणि मागं कळवायची पद्धत नव्हती?

चहा ओतला. एक झाकणात, मग सवयीनं दुसरा कपात.
दोन्ही मीच प्याले.

फाट्यावर पाटी होती, ओश इकडं, तलास तिकडं.
दोन्ही नावं मोठ्यानं वाचली आणि गाडी वळवली.
काळोखाआधी दिराला चावी द्यायची होती,
कोळसाही त्याचाच.

बोगद्यापलीकडं ट्रॅक्टर दिसला नाही.
उतारावर मात्र, भिंतींच्या मधोमध,
एका गाडीपुरता ताजा काळा पट्टा.