पाव लाटेचा उशीर

केमीत जानेवारीचा सूर्य अकराच्या सुमारास उगवतो
आणि दोनच्या आत निघूनही जातो.
कागद गिरणीच्या सांडपाण्याच्या टाक्या तेवढ्या
उणे अठ्ठावीसातही वाफाळत असतात.
तिथून मी बाटली भरून आणते,
कोटाच्या आत, पोटाशी धरून,
वाटेत गाळ गारठू नये म्हणून.

एक थेंब. काचपट्टी. वर पातळ काच.
रंग घालायचा नाही;
रंगानं दिसतात, पण मेलेले दिसतात.
आधी दिव्याचं तोंड आवळायचं,
कंडेन्सर खाली-वर करत
उरलेल्या उजेडाच्या कडा धारदार करायच्या,
तो मध्यावर आणायचा, मग उघडायचा.
हे मला ओस्मोनं शिकवलं,
एका हातात काठोकाठ कॉफी,
दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवत.

आता तो अर्धाच कप भरतो.

शरदात तो एक दिवस आला नाही.
मी आयपीस काढून जुळणीची दुर्बीण बसवली.
हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात,
या काकणाला लागतो:
काळ्या कड्यातून उजळ कडं
तिसरा हिस्सा बाहेर घसरलेलं,
कुणाला तरी आवरलं नव्हतं.
अशा भिंगातून सगळी पेजच दिसते, करडी.
आणि नोंदवहीत तेरा आठवडे
"तंतू थोडे. घंटाजीव आहेत. ठीक."
अक्षर दर आठवड्याला
थोडं थोडं बारीक होत गेलेलं.

नोंदी चुकीच्या नव्हत्या.
ओस्मो गाळ वासावरून ओळखतो.

तेव्हापासून मी साडेसहाला येते.
दोन स्क्रू, दोन अंगठे,
उजळ कडं काळ्यात सरकवते, आयपीस परत लावते.
आठला तो येतो, हात मांडीवर ठेवून वाकतो.
"आज स्वच्छ दिसतंय."
"दिवा बदलला," मी म्हणते.
दिवा जुनाच आहे.

जिवंत पेशीतून येणारा उजेड
जरासा मागे पडतो, पाव लाटेइतका फार तर.
डोळ्याला तो उशीर कळत नाही.
कड्यांचं काम एवढंच,
त्या उशिराला सावली द्यायची.

काल बस बर्फात अडकली.
मी पोचले तर तो आधीच बसलेला,
दुर्बीण लावून, कोपरं टेबलावर रोवून,
दोन्ही हात स्क्रूंवर.
मी दारातच बूट काढत राहिले,
एक नाडी, दुसरी नाडी,
सुटलेली गाठ पुन्हा बांधून पुन्हा सोडली.

"साइमी," मान न वळवता तो म्हणाला,
"दिवा जुनाच आहे."

मग खुर्ची थोडी सरकवली.
"डावा तू धर."

माझी बोटं अजून बधिर होती.
कडं आत गेलं, बाहेर आलं,
दोघांच्या हातांत मिळून
बराच वेळ थरथरलं.