चौथा दिवा

कोपरखैरणे, सिडकोची बैठी ओळ.
आमच्या टीव्हीवर आधी लाकडी हत्ती असायचा,
तिथे आता एक काळी डबी,
पाठीला चार भोकं, पोटाशी चार हिरवे दिवे.

पहिली वायर रणधीरची, माळ्यावर जाते.
दुसरी मोनालीची, कपाटामागून, झुरळांच्या वाटेने.
तिसरी माझ्या हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरला,
जो चालू होईस्तोवर चहा होतो.
चौथी खिडकीतून बाहेर पडते,
मोरीच्या पाइपाला तीन ठिकाणी सुतळीने बांधलेली,
आणि सपकाळांच्या घरात शिरते.
बिल साडेसातशे. वायरीमागे
एकशे सत्त्याऐंशी रुपये आठ आणे.

मी बाजार समितीत तोलणार.
सत्तावीस वर्षं कांदा तोलला.
पोत्याला हात लावून सांगतो
यात माती किती, ओल किती.
पण ही वस्तू काट्यावर बसत नाही.
रणधीर सिनेमा ओढतो तेव्हा
मोनालीची पानं अर्धीच उघडतात,
वर कपाळ, खाली पांढरं.
"बाबा, तो सगळं खातोय."
"बाबा, खोटं बोलतेय ती."
मी एकदा डबी उचलून पाहिली.
कोमट होती, खुडूक कोंबडीखालच्या अंड्यासारखी.
वजन म्हणाल तर पासंगालाही पुरलं नसतं.

सपकाळांशी बोलणं तुटलं ते ग्रिलवरून.
त्यांनी ग्रिल वीतभर पुढे घेतलं,
मी टेप लावून दाखवलं, वीत नाही, अकरा इंच.
शब्दाला शब्द लागला.
"मापात पाप करणाऱ्यांनी मला इंच शिकवू नयेत,"
ओळीतल्या सगळ्या दारांसमोर म्हणाले.
त्याला पाच महिने झाले.
तरी दर सात तारखेला दाराखालून पाकीट येतं,
आत एकशे सत्त्याऐंशी,
आणि आठ आण्याचं नाणं
कागदाला चिकटपट्टीने लावलेलं.

रणधीर म्हणाला, चौथी काढून टाकू, कोणाला कळतंय.
मी म्हणालो, पैसे घेतलेत, माप पुरं द्यायचं.
(खरं सांगायचं तर रात्री अकरानंतर
तो दिवा लुकलुकायला लागला की मला बरं वाटायचं.
मस्कतहून त्यांचा शिरीष बोलतोय,
सुशीलाबाई पडद्यावरच्या नातवाला
काऊचिऊ करतायत.)

मग ती रात्र. मोनालीच्या फॉर्मची शेवटची तारीख.
फोटो गेला, सही गेली,
दहावीचं सर्टिफिकेट ब्याण्णव टक्क्यांवर अडकलं.
रणधीरची वायर मी उपटली. तो ओरडला, ओरडू दे.
माझा कॉम्प्युटर तर बंदच.
चौथा दिवा मात्र भरभर, वेड लागल्यासारखा.
साडेअकरा. अकरा चाळीस.
वायर माझ्याच चिमटीत होती.
कळ दाबायची, ओढायची, एवढंच.
पलीकडे एक तोंड अर्ध्या शब्दावर गोठलं असतं.

अनवाणीच बाहेर गेलो.
त्यांच्या अकरा इंच पुढे आलेल्या ग्रिलला धरून म्हणालो,
"सपकाळ, दहा मिनिटं थांबवता का?
पोरीचा फॉर्म आहे."
आतून काही नाही.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

घरात आलो तर चौथा नुसता जळत होता,
डोळा न मिटता.
ब्याण्णव. ब्याण्णव.
सत्त्याण्णव.
गेलं.

मोनाली रडली. इंदूने एवढ्या रात्री फोडणीचा भात केला,
रणधीरनेही खाल्ला, रागातच, दोनदा घेऊन.
एक वाजत आला. ट्यूब बंद करायला उठलो,
अंधारात डबीकडे पाहिलं.
चौथा तसाच. स्थिर.

थांबवा म्हणालो होतो.
करा सुरू, हे म्हणालोच नव्हतो.

तिकडे सुशीलाबाई माउस धरून बसल्या असतील.
मस्कतला पोर झोपलंही असेल.
आणि सपकाळ, नेमका माणूस,
आठ आणे न चुकवणारा,
माझ्या दहा मिनिटांचा शेवट ऐकायला
ताटकळला असेल.

हे काही पाकिटात घालून दाराखालून सरकवता यायचं नाही.
तोंडानेच न्यावं लागेल,
माप पुरं भरून,
वर मूठभर जास्त घालून.

इंदू अंथरुणातूनच म्हणाली,
"आता चपला तरी घाला."