नोंद नाही

सीटखालून निघालेली डबी तळहातावर मावली.
कनोराच्या पोलीस गॅरेजात हीटर घुरघुरत होता,
बाहेर उणे एकतीस.
मी वायर जोडली.

शेवटची पाच सेकंदं. सेकंदाला एक नोंद.
म्हणजे एकोणीस वर्षांच्या मिरोनचे
पाच आकडे:
अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, एकतीस,
शून्य.
आणि ब्रेकच्या रकान्यात पाची वेळा: नाही.

शून्य वेगाची पिकअप
गव्हाच्या कोठाराची पत्र्याची भिंत
हातभर आत ढकलते?

डबी खोटं बोलत नाही.
ती चाकाला विचारते, रस्त्याला नाही.
चाक अडकलं की तिच्या लेखी गाडी उभी;
खाली काचेसारखा बर्फ आहे,
गाडी अजून चाललीच आहे,
हे तिला सांगणार कोण?
त्यात टायर मोठे, ऑक्टोबरात मिरोननं स्वतः बसवलेले,
म्हणजे आधीचे आकडेही थोडे उणेच.

विमा कंपनीचा प्रूइट फोनवर मऊ आवाजात म्हणाला,
मशीन सांगतंय ब्रेक नाही.
मग झोप असेल, नाहीतर मोबाइल.
एक ओळ लिहा, फाइल बंद करू.

पेडलवरचा स्विच मी सोडवून घेतला,
बोटाच्या पेराएवढा, काजळी धरलेला.
दहादा दाबला.
सातदा दिवा लागला.

दुपारी ओरेस्त आला, मिरोनचा बाप,
हॉस्पिटलनं दिलेली कागदी पिशवी घेऊन.
टोपी काढली नाही, बसला नाही.
उजवा बूट टेबलावर उलटा ठेवला.
तळव्यावर आडव्या रेघा,
पेडलच्या रबरावर असतात तितक्याच,
तितक्याच अंतरावर.

दाबला होता ना त्यानं?

मी बुटाचा फोटो घेतला, पट्टी ठेवून.
फॉर्मवरचं ‘नाही’ खोडलं,
वर लिहिलं ‘नोंद नाही’.
खाली स्विचची हकिगत, टायरचं माप, बूट.
‘दाबला’ असं लिहिता आलं नाही.
ते मी त्याला सांगितलं.

तो डबीकडे बघत राहिला.
पाचच सेकंदं?
त्याआधीचं काही नसतं यात?
नसतं, म्हटलं.

बूट पिशवीत घालून तो निघाला.
गायींची वेळ झाली होती.
फाटकापाशी रस्ता बघायला त्यानं ट्रक थांबवला.
मागचे दोन्ही दिवे मला दिसत होते.
एकच लागला.