तिरकी रेघ

खाली तीन माग अजून चालतात,
म्हणून वर टेबल थरथरतं
आणि पडद्यावरचा कर्सर जरा ढिला वाटतो.

नान्नांची वही टाइप करतेय.
राजमल्लू येमूल, जॅकार्ड मास्टर, साखर पेठ.
हिशेब मराठीत, शिव्या तेलुगूत.
प्रत्येक ओळीला एक डिझाइन: मोर, कमळ, ताजमहाल,
पुठ्ठे किती लागले,
आणि धागा तुटला तिथे चांदणी.

सेव्ह केलं. उघडलं.
दर चांदणीआधी एक तिरकी रेघ, उलट्या अंगाला कललेली.
मी मारली नव्हती.
एकशे बारा रेघा पुसल्या, एकेक करून.
उघडलं. परत हजर.
म्हटलं राहू दे,
तर एकीच्या तीन झाल्या,
तिनांच्या सात.
चांदणी बिचारी मागे, रांगेत शेवटी.

व्यंकटेशला पुण्याला फोन लावला.
तो हसला. "आत्या, ती तुझ्या बाजूनेच आहे.
सांगतेय, ही चांदणी नुसती चांदणी समजा,
हुकूम समजून अक्षरं ठळक करू नका."
"मग सात कशाला?"
"ती आता स्वतःचीच राखण करतेय.
बग आहे. बघतो रविवारी."

नान्नांच्या पुठ्ठ्यात प्रत्येक भोक हुकूमच होतं:
हा धागा उचल.
चुकीचं पडलं तर नवा पुठ्ठा कोण देणार?
खळ लावून कागदाचा तुकडा चिकटवायचे,
अंगठ्याने दाबून धरायचे, दहा आकडे मोजेपर्यंत.
भोक आहे,
पण मागाने ते भोक समजायचं नाही.
माझ्या फ्रॉकला कायम खळीचा वास.

पुन्हा पुसायला बसले. भराभर.
सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर आला आणि हात थांबला.
चौदा तारीख.
डिझाइन नाही, पुठ्ठे नाहीत, तुटलेलं काहीच नाही.
कोऱ्या ओळीत एक चांदणी,
बॉलपेन दोनदा फिरवलेली.

आई असती तर विचारलं असतं.
आईनेही सांगितलं नसतं.

लाईट गेली. खालचे माग एकेक करत गप्प झाले.
टेबल पहिल्यांदाच स्थिर.
बॅटरीवर पडदा तेवढा चालू.

त्या ओळीतल्या सहा रेघा काढल्या.
एक ठेवली.