तिसरा पुकार

देवळात दोन रविवार आमचा पुकार झाला :
दौलत, कोष्टीपुऱ्यातला, नुकता बाप्तिस्मा घेतलेला,
आणि रिबका, मिशनच्या दवाखान्यातली.
कुणाची हरकत असेल तर त्याने सांगावे.
कुणी काही बोललं नाही.
पाळकसाहेबांच्या वहीत तिसऱ्या रविवारसाठी
एक ओळ राखून ठेवलेली होती.

तो माझ्यासाठी लुगडं विणत होता,
पांढरं, काठाला जांभळी रेशमी पट्टी, बोटभर.
दिवसा मागावर बाप बसायचा, रात्री तो,
आणि बापाला वाटायचं, गिऱ्हाईक इतवारीचं आहे.

मग ती कचेरी. वैशाख.
त्याची आई पायरीवर डोकं आपटत होती,
भाऊबंद आवारभर.
साहेबाने विचारलं, ही बाई तुझी कोण?
दौलतने माझ्या पायांकडे पाहिलं.
लग्नासाठी घेतलेल्या चपला मी त्या दिवशी घातल्या होत्या.
म्हणाला, मी नाही ओळखत हिले.
कोंबडा आरवायची वेळ नव्हती, भर दुपार होती.
गिरणीचा भोंगा तेवढा वाजला.

पुढे अकरा वर्षं मी प्रार्थनेत एका शब्दाशी अडत आले.
जिथे सगळे देवाला ऋणं सोडायला सांगतात
तिथे मी ओठ मिटून घ्यायची.
कसली ही आपली भाषा!
टाकून गेला, तरी सोडलं म्हणायचं,
माफ केलं, तरी सोडलंच.
त्याने मला सोडलं, आता मी त्याला सोडायचं,
एका क्रियापदात दोघांचं भागवायचं?
मी देवाशी यावर पुष्कळ भांडले, पट्ट्या उकळता उकळता.
तो ऐकून घ्यायचा.
उत्तराची त्याला कधीच घाई नसते.

गाठीच्या तापाच्या दुसऱ्या साली, पौषात,
रात्री दीडला फाटक वाजलं.
सीताबर्डीच्या टेकडीवर धुकं बसलं होतं.
धावत गेले, कंदील वर केला.
दौलत.
खांद्यावर सहा-सात वर्षांची पोरगी, काखेत लिंबाएवढी गाठ.
"बाई, चिंधी नाव हिचं. हिची माय परवा गेली."
मग उजेडात मला बघून त्याने मान खाली घातली.
मी अनवाणी होते.

चौकीदार नियमाचा माणूस.
म्हणाला, ओळख देणारं कोणी पाहिजे,
नाहीतर छावणीत न्या.
दौलत गप्प.
कोणता शब्द मागायला आपण आलोय
आणि तो आपण कुठे फेकून दिला होता,
हे त्याला चौकीदाराहून जास्त ठाऊक होतं.

मी दौत ओढली.
क्षमा वगैरे काही मनात नव्हतं, खरं सांगते.
पोरगी कण्हत होती आणि टाक नीट उमटत नव्हता.
लिहिलं : मी याला ओळखते.
खाली सही केली.
शाई वाळायला त्या थंडीत फार वेळ लागला.

चिंधी वाचली. नवव्या दिवशी गाठ फुटली.
संत्र्याच्या फोडी मागून खायची
आणि बिया उशीखाली लपवायची, घरी लावायला म्हणून.
बाप दिवसभर फाटकाबाहेर कडुनिंबाखाली.
एकदा त्याने विचारलं, "माफ केलं काय मले?"
मी म्हटलं, "आधी पोरीला पेज पाज."

जायच्या दिवशी पायरीवर एक गाठोडं ठेवून गेला.
लुगडंच, पण अर्धं,
मागावरून तसंच कापून काढलेलं,
घडीवर पिवळं पडलेलं.
जांभळी पट्टी मध्येच थांबलेली.
मी त्याचा चिंधीला परकर शिवला.
काठ खाली आला, तिच्या घोट्यांपाशी.

त्या रविवारी प्रार्थनेत तो शब्द निघाला तोंडून.
घोगरा, इतका की पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं.
दौलत मागे दाराशी उभा होता म्हणे.
मी पाहिलं नाही.

पाळकसाहेब बदलले आता.
नव्यांना कपाटात जुनी वही सापडली.
विचारत होते, ही कोरी ओळ खोडू का?
म्हटलं, राहू द्या.