एक टिंब कमी

मामाची गुळाची अडत शाहूपुरीत.
एम. ए.ला मी इतिहास घेतला तेव्हा
रव्यावर बोटं वाजवत म्हणाला,
"ह्याला भाव काय लागंल गं?"
मी काय सांगणार.
विद्यापीठात मोर फुकट बघायला मिळतात, म्हणाले.

नदाफ मॅडम मोडी शिकवायच्या.
"कागद खोटं बोलतो," म्हणायच्या,
"पण एकटा बोलत नाही. शेजारच्याला विचारा."
दोन वर्षं आम्ही शेजार केला
मेलेल्या कारकुनांशी.

आता राजारामपुरीत, पाचव्या गल्लीत,
गृहकर्जाच्या ऑफिसात बसते.
एसी नेमका माझ्याच टेबलावर गळतो.
फाइल येते, संगणक हिरवी खूण देतो,
मग माझ्याकडे.

परवा बावड्याकडच्या प्लॉटची आली.
सातबारा ठीक, नकाशा ठीक.
तळाशी एक हक्कसोडपत्र, सन १९५१:
विधवा तानूबाईनं हिस्सा सोडला,
माझी तक्रार नाही.
खाली डावा अंगठा.
कागद चहात बुडवल्यासारखा पिवळा.

मी 'नाही'पाशी थांबले.
त्या काळी तिच्या डोक्यावर टिंब असायचं,
उच्चारात नसलेलं, लिहिण्यात असलेलं,
पुढे बासष्टच्या नियमांनी पुसलेलं.
इथं अकरा वर्षं आधीच पुसलेलं.

पण एका टिंबावरून कुणाला चोर म्हणू नये.
कारकून कंटाळलाही असेल.
म्हणून शेजारच्या ओळीला विचारलं,
जमीन किती?
ओळ म्हणाली, आठ आर.
गुंठे नव्हे, आर.
एक्कावन्न साली, बावड्यात!

साहेब म्हणाले, "हे कुठल्या कोर्सला असतं?"
शेजारच्या इंजिनिअरनं खुर्ची जवळ ओढली.
मला मात्र तो अंगठाच दिसत राहिला.
कुणाचा असेल?
तानूबाई तेव्हा होती तरी का?

रात्री फोनवर मामानं सगळं ऐकून घेतलं.
"म्हंजे वजनात मारल्यालं
काट्यावर कळतंय, तसंच की हे."
भावाचं काही बोलला नाही.
त्याला सांगितलं नाही ते एवढंच,
की शेऱ्याच्या चौकटीत मी लिहिलं होतं,
मान्य नाहीं.
टिंब चुकून पडलं हातून.
खोडायला पेन उचललं,
आणि राहू दिलं.