पान त्रेचाळीस, पाठ नाही

राजारामपुरी, दहावी गल्ली, रात्रीचे साडेनऊ.
खालची मिरची-कांडपाची गिरण थांबली,
खकाणा अजून जिन्यात आहे,
आणि माझ्या टेबलावर
सहाशे वर्षांपूर्वीची पोथी उघडते,
पासवर्ड टाकल्यावर.

सवय जात नाही:
बोट आधी जिभेला लागतं, मग माऊसला.
पान उलटत नाही, सरकतं.
मूळ पोथी एकदाच पाहिली,
मठात, लाल बासनात, लांबून.
उपाध्ये म्हणाले होते, हात नको.

इथं मी हवी तेवढी जवळ जाते,
नाक लागेल इतकी, त्याहूनही:
कागदातला तागाचा धागा,
बोरूची जीभ अडखळली ती जागा,
कसरीनं बारा पानं आरपार खाल्लेलं भोक
ज्यातून पुढचं पान नाही,
स्कॅनरखालचं काळं कापड दिसतं.

पान त्रेचाळीस, तिसरी ओळ.
एका शब्दावर हरताळ फासलेला.
आपण बोलताना सहज फासतो तोच,
पण हा खरा, पिवळा, वाळून तडकलेला.
मी पिवळा रंग उणा करत गेले
तशी खालची शाई
हळूहळू वर आली.

लिहायचं होतं 'वनी'.
त्यानं लिहिलं होतं 'घरी'.

दिवस कलला असेल. मान अवघडली असेल.
कथा राजाला रानात धाडत होती
आणि याचा हात भलत्याच वाटेला लागला.
मग कुंचला, लेप, वरून 'वनी'.
इतकी वर्षं झाकलेलं
आता मला दिसलंय, आणि थोडी लाज वाटते,
कुणाच्या उघड्या दारातून आत पाहिल्यासारखी.

पुढचं चित्र थेट चव्वेचाळीस.
मागे गेले, पुढे आले.
त्रेचाळीसची पाठ नाही.
समासात फक्त एक अंगठा आलाय,
जिवंत, नखाच्या कडेला शेण.

भरमूला फोन लावला.
"मागची बाजू राहिली की रे."
तो जरा वेळ गप्प.
"त्या दिवशी पंचगंगा पात्राबाहेर आलती, ताई.
चिखलीत पाणी शिरलं म्हणून निरोप आला.
म्हशी दावणीला हुत्या.
मधनंच उठलो. घरी गेलो."
"वाचल्या?"
"एक गेली."

यादीत शेरा लिहायचा असतो.
लिहिलं: पान ४३, पाठ उपलब्ध नाही.
शेजारी कारणाचा रकाना.
दोन अक्षरं टंकली, खोडली,
आणि तो चौकोन
पिवळा करून ठेवला.